तीन देशांचे एक विमान
ईस्ट आफ्रिकन एअरवेजची एकतीस वर्षे

विमानाच्या अंगावर शेपटीच्या अलीकडे नोंदणीची जी खूण मोठ्या अक्षरांत रंगवलेली असते, ती सहसा कोणी उतारू वाचीत नाही. आपल्या खिडकीची जागा मिळाली की नाही, बॅगा वर चढल्या की नाही, एवढीच त्याला चिंता. पण ईस्ट आफ्रिकन एअरवेजच्या मोठ्या जेट विमानांवरची ही खूण वाचण्यासारखी होती. एकावर ५एक्स-यूव्हीए, दुसऱ्यावर ५एच-एमएमटी, तिसऱ्यावर ५वाय-एडीए. यातले ५एक्स म्हणजे युगांडा, ५एच म्हणजे टांझानिया आणि ५वाय म्हणजे केनिया. कंपनी एकच, वैमानिक तेच, दुरुस्तीचा कारखाना तोच, परंतु विमाने तीन देशांच्या दप्तरी वाटून नोंदवलेली. तीन भावांनी मिळून शेत घ्यावे आणि सातबाऱ्यावर कोणाचे नाव मागे राहू नये म्हणून आटापिटा करावा, त्यातलाच हा प्रकार.

या कंपनीचा इतिहास सांगावासा वाटण्याचे कारण उघड आहे. आज ब्रिटनमध्ये स्थिरावलेली कित्येक भारतीय कुटुंबे नैरोबी, कंपाला किंवा दार-ए-सलाम सोडून इकडे आली ती विमानाने, आणि त्यांतल्या अनेकांच्या त्या प्रवासाच्या तिकिटावर ईस्ट आफ्रिकन एअरवेजचेच नाव होते. ती कंपनी १९७७ साली बुडाली. त्यानंतर जन्मलेल्या मुलांना ते नाव ऐकूनही माहीत नसते.

पूर्व आफ्रिकेतल्या विमानवाहतुकीची सुरुवात याहूनही जुनी, आणि ती एका बाईने केलेली आहे. १९२९ साली फ्लॉरेन्स केर विल्सन या विधवा बाईंनी टॉम कॅम्पबेल ब्लॅक या वैमानिकाला हाताशी धरून नैरोबीत विल्सन एअरवेज काढली. लहान लहान विमाने, मोजके उतारू, आणि इंपीरियल एअरवेजची मोठी विमाने लंडनहून जी टपाल आणीत ती पुढे पोचवण्याचे काम. आपल्याकडे १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटांनी कराचीहून मुंबईला टपालाच्या थैल्या आणल्या तो धंदाही याच जातीचा होता. साम्राज्याच्या मोठ्या नदीला येऊन मिळणारे हे दोन ओढे. फरक एवढाच की टाटांच्या ओढ्याची पुढे एअर-इंडिया झाली, आणि विल्सनबाईंची विमाने १९३९ मध्ये महायुद्ध सुरू होताच लष्करी कामाला जुंपली गेली. कंपनी त्यानंतर पुन्हा उभी राहिली नाही. नैरोबीच्या जुन्या विमानतळाला १९६२ मध्ये बाईंचे नाव मिळाले, एवढीच त्यांची आठवण.

युद्ध संपल्यावर १ जानेवारी १९४६ रोजी सरकारने स्वतःच ईस्ट आफ्रिकन एअरवेज कॉर्पोरेशन स्थापन केली. भांडवलाचे वाटे असे : केनिया ६७.७ टक्के, युगांडा २२.६ टक्के, टांगानिका ९ टक्के आणि झांझिबार ०.७ टक्का. झांझिबारच्या सुलतानशाहीचा तो पाऊण टक्कादेखील न भरणारा वाटा पाहून हसू येते. पण हसण्यावारी नेऊ नये अशी गोष्ट पहिल्या आकड्यात आहे. दोन तृतीयांश मालकी केनियाची, मुख्य कचेरी नैरोबीत, कारखाना नैरोबीत. पुढे एकतीस वर्षांनी जे भांडण चव्हाट्यावर आले त्याचे बी पहिल्याच दिवशी पेरले गेले होते.

सुरुवातीची मिळकत म्हणजे सहा ड्रॅगन रॅपिड विमाने. लाकडी सांगाड्यावर कापड ताणलेली, दोन मजली पंखांची, आठ माणसे बसली की भरली. त्यांच्यामागून लोडस्टार आली, मग डकोटा आल्या. डकोटा विमान गवताच्या धावपट्टीवर उतरते, चिखलातून उठते, आणि कोंबड्यांच्या खुराड्यापासून मंत्र्यापर्यंत काहीही वाहते; त्यामुळे टांगानिकासारख्या अफाट, रस्ते नसलेल्या मुलखात तिच्याइतके उपयोगी यंत्र दुसरे नव्हते. ६ फेब्रुवारी १९५२ रोजी सहाव्या जॉर्ज राजांच्या निधनाची वार्ता केनियात असलेल्या राजकन्या एलिझाबेथना कळली, तेव्हा नान्युकीहून एन्टेबीपर्यंत त्यांना घेऊन गेली ती याच कंपनीची डकोटा. राणी म्हणून त्यांचा पहिला विमानप्रवास असा ईस्ट आफ्रिकनच्या नावावर जमा आहे.

आपल्या लोकांचा मुंबईशी संबंध तेव्हा प्रामुख्याने बोटीने राही. ब्रिटिश इंडिया कंपनीच्या 'कंपाला' आणि 'करंजा' या बोटी मुंबई, सेशेल्स, मोंबासा, दरबान अशा फेऱ्या करीत. उरणजवळच्या करंज्याचे नाव आफ्रिकेच्या धक्क्यावर वाचून कोकणातल्या माणसाला जरा बरे वाटत असेल. बोटीला मुंबई गाठायला आठ-दहा दिवस लागत. १९५० मध्ये एअर-इंडियाने मुंबई-नैरोबी विमानसेवा सुरू केली, आणि १९५७ मध्ये ईस्ट आफ्रिकननेही बी.ओ.ए.सी.कडून जुनी चार इंजिनांची आर्गोनॉट विमाने घेऊन लंडनची आणि भारतीय उपखंडाची वाट धरली. लग्नसराई, आजारपण, मुलांची शिक्षणे. ज्याला बोटीचे आठ-दहा दिवस परवडणारे नव्हते तो पैसे जोडून विमानाने जाऊ लागला. मेलेल्या माणसाचे तोंड बघायला वेळेत पोचणे परदेशी राहणाऱ्याला शक्य झाले ते विमानामुळे. हा फरक आम्ही लहान मानीत नाही.

१९५८ साली नैरोबीला एम्बाकासीचा नवा विमानतळ खुला झाला. आज त्याला जोमो केन्याट्टांचे नाव आहे. तो बांधताना माऊ माऊ बंडाच्या काळातल्या कैद्यांना राबवून घेतले होते, ही गोष्ट त्या विमानतळाच्या कौतुकात सहसा येत नाही. जेट विमानांसाठी लांब धावपट्टी तयार झाली, आणि १९६० मध्ये ईस्ट आफ्रिकनने दोन कॉमेट जेट विमाने घेतली. त्याच वर्षी एअर-इंडियाची पहिली बोइंग ७०७ आली. म्हणजे अजून स्वातंत्र्यही न मिळालेल्या तीन वसाहतींची ही कंपनी जेटच्या शर्यतीत आपल्या एअर-इंडियाच्या बरोबरीने धावत होती.

स्वातंत्र्य लगोलग आले. टांगानिका १९६१, युगांडा १९६२, केनिया आणि झांझिबार १९६३. पुढच्या वर्षी टांगानिका व झांझिबार मिळून टांझानिया झाला. ब्रिटिशांनी १९४६ साली आफ्रिकेत अशाच तऱ्हेच्या तीन सामाईक कंपन्या काढल्या होत्या : पूर्वेची ही, पश्चिमेची वेस्ट आफ्रिकन एअरवेज आणि मध्यभागाची सेंट्रल आफ्रिकन एअरवेज. पश्चिमेच्या कंपनीतून घाना १९५८ मध्ये स्वतःची कंपनी काढून बाहेर पडला आणि तिचा कारभार आटोपला. मध्यभागाची कंपनी १९६७ च्या अखेरीस मोडली. प्रत्येक नव्या राष्ट्राला जसे स्वतःचे निशाण हवे तसे स्वतःचे विमान हवे असते. पूर्व आफ्रिकेने मात्र स्वातंत्र्यानंतरही एकच कंपनी चालू ठेवली, हे मोठेच धाडस होते, आणि काही वर्षे ते साधलेही.

साधले याचा पुरावा म्हणजे सुपर व्हीसी-१०. नैरोबी समुद्रसपाटीपासून पाच हजार तीनशे फुटांवर आहे. इतक्या उंचीवर हवा विरळ, त्यात ऊन. पंखाला उचल कमी मिळते, इंजिनाचा जोर कमी पडतो, आणि भरलेले विमान उठवायला धावपट्टी पुरत नाही. ब्रिटनच्या व्हिकर्स कंपनीने व्हीसी-१० बेतले ते नेमके अशाच ठिकाणांसाठी. चारही इंजिने शेपटीकडे, त्यामुळे पंख मोकळे आणि उचल जास्त. आत उतारूंना आवाज कमी. ज्यांनी त्यातून प्रवास केला आहे ते अजून त्याची तारीफ करतात. ईस्ट आफ्रिकनने १९६६ पासून अशी पाच विमाने घेतली. त्यांना मोठा मालदरवाजाही करून घेतला होता, म्हणजे पुढच्या भागात माल आणि मागे माणसे नेता यावीत. पाचवे, ५एच-एमओजी, १९७० मध्ये मिळाले. ते केवळ या कंपनीचे शेवटचे नव्हे, तर बनवलेल्या सर्व चोपन्न व्हीसी-१० विमानांतले शेवटचे. लंडन, युरोप, मुंबई, कराची आणि त्यापुढे पूर्वेकडे हाँगकाँगपर्यंत या विमानांच्या फेऱ्या होत असत.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवली पाहिजे. ही विमाने उधारीवर घेतलेली होती, आणि ती तेल फार पीत. पैसा स्वस्त आणि तेल स्वस्त असेपर्यंत हे कोणाला बोचले नाही.

६ जून १९६७ रोजी कंपाला येथे तिन्ही राष्ट्रांनी सहकार्याचा करार केला आणि पूर्व आफ्रिकी समुदाय अस्तित्वात आला. त्याची कचेरी टांझानियात आरुशाला. कोणी रुसू नये म्हणून सामाईक मंडळे वाटून दिली : बंदरे दार-ए-सलामला, टपाल आणि तारा कंपालाला, रेल्वे आणि विमाने नैरोबीला. कागदावर हे शहाणपणाचे होते. पण तोवर दोन गोष्टी घडून गेल्या होत्या. १९६६ पर्यंत तिन्ही देशांत एकच पूर्व आफ्रिकी शिलिंग चाले. त्या वर्षी प्रत्येकाने आपापले चलन काढले. आणि १९६७ च्या फेब्रुवारीत न्येरेरे यांनी आरुशा जाहीरनामा काढून समाजवादाची वाट धरली, तर केन्याट्टांचा केनिया खाजगी भांडवलाच्या वाटेने चालला होता.

चलन वेगळे झाल्याचा परिणाम सामान्य माणसाला चटकन कळत नाही, म्हणून थोडे उलगडून सांगतो. दार-ए-सलामच्या तिकीटखिडकीवर जमलेला गल्ला टांझानियाच्या शिलिंगात. विमानाचा हप्ता, तेलाचे बिल, सुटे भाग यांचे पैसे द्यायचे परकीय चलनात आणि नैरोबीच्या कचेरीतून. म्हणजे दारचा गल्ला नैरोबीला पोचायला टांझानियाच्या मध्यवर्ती बँकेची परवानगी हवी. परकीय चलन तर प्रत्येकाकडेच तोकडे. परवानगी आज मिळते, उद्या मिळते, शेवटी मिळतच नाही. एकत्र कुटुंबात ज्याने त्याने आपली मिळकत आपल्या ट्रंकेत ठेवून कुलूप लावले, आणि वाण्याची उधारी मात्र थोरल्याच्या नावावर चढत राहिली, की काय होते हे आमच्या वाचकांना सांगायला नको.

थोरल्याची बाजू अशी की आम्हीच ओझे वाहतो. धाकट्यांची बाजू अशी की नोकऱ्या नैरोबीत, कारखाना नैरोबीत, परदेशी पर्यटक उतरतो तो नैरोबीत. आमच्या वाट्याला काय? टांझानियाला देशांतर्गत लहान लहान ठिकाणी विमाने हवी होती, आणि नेमक्या त्याच फेऱ्यांत तोटा. केनियाला नफ्याच्या लांबच्या फेऱ्यांची काळजी. दोघांचेही म्हणणे खोटे नव्हते, हेच या प्रकरणातले दुर्दैव.

दरम्यान आपल्या लोकांवर वेगळाच प्रसंग येत होता. केनियाने १९६७ मध्ये बिगर-नागरिकांसाठी कामाचे परवाने आणले, आणि ब्रिटनने १ मार्च १९६८ पासून ब्रिटिश पासपोर्टधारक आशियाई लोकांनाही दार अर्धे लावून घेतले. त्याआधीच्या फेब्रुवारीत नैरोबीहून लंडनकडे जाणाऱ्या विमानांत एक जागा मिळवण्यासाठी कुटुंबेच्या कुटुंबे धडपडत होती. दार लागण्याआधी आत शिरण्याची ती घाई ज्यांनी पाहिली त्यांच्या लेखी विमान म्हणजे चैनीची वस्तू नव्हती.

२५ जानेवारी १९७१ रोजी युगांडात इदी अमीनने सत्ता बळकावली. समुदायाचा सर्वोच्च कारभार तीन राष्ट्राध्यक्षांच्या मंडळाकडे होता, आणि न्येरेरे अमीनबरोबर एका टेबलाशी बसायला तयार नव्हते. न बसण्याचे त्यांचे कारण आम्हाला पूर्णपणे पटते. पण तिघे एकत्र बसल्याशिवाय निर्णय होत नाही अशी घडी असलेल्या संस्थेचे त्यामुळे काय झाले असेल ते सांगायला नकोच.

१९७२ हे वर्ष तर सर्वच बाजूंनी वाईट ठरले. १८ एप्रिल रोजी नैरोबीहून लंडनला निघालेले ५एक्स-यूव्हीए हे युगांडाच्या खुणेचे विमान आदिस अबाबाहून उठत असताना धावपट्टीवर पडलेल्या एका पोलादी तुकड्यावरून गेले आणि पुढच्या चाकाचा टायर फुटला. दुसऱ्या एका लहान विमानाला उचलून धरताना जॅकखाली वापरण्याचा तो तुकडा होता. वैमानिकाने उड्डाण रद्द केले, पण विमान थांबेना. पुढे चौकशीत दिसून आले की ब्रेकच्या यंत्रणेचे भाग दुरुस्तीनंतर चुकीचे जोडले गेले होते. धावपट्टी संपली, विमान बांधावरून खाली कोसळले आणि पेटले. आतल्या १०७ जणांपैकी ४३ दगावले. टायर फुटल्याने एवढा संहार होत नाही. ब्रेक धड असते तर बहुधा सारे वाचले असते. या अपघाताविषयी वाचताना मनाला लागते ते हेच.

त्याच वर्षी ऑगस्टच्या आरंभी अमीनने आशियाई लोकांना नव्वद दिवसांत देश सोडण्याचा हुकूम काढला. सप्टेंबरात एन्टेबीहून विशेष विमाने सुटू लागली आणि त्यांतले पहिले १८ सप्टेंबरला स्टॅनस्टेडला उतरले. या कामावर लागलेल्या विमानांत ब्रिटिश कंपन्यांच्या बरोबर ईस्ट आफ्रिकनचीही होती. जिच्या भांडवलात युगांडाचा वाटा, त्याच कंपनीच्या विमानातून युगांडात पिढ्यानपिढ्या राहिलेली माणसे एकेक बॅग घेऊन कायमची बाहेर पडली.

त्यानंतर १९७३ च्या ऑक्टोबरात तेलाचे संकट आले. काही महिन्यांत भाव जवळपास चौपट. तेल पिणारी विमाने, थकलेले हप्ते आणि एकमेकांकडे अडकलेले पैसे, असे तिहेरी ओझे कंपनीवर पडले. १९७४ ते १९७६ या काळाचा इतिहास म्हणजे 'तुमच्याकडून येणे' आणि 'तुम्हीच देणे' यांचा. युगांडाने १९७६ मध्ये स्वतःची युगांडा एअरलाइन्स स्थापन केली तेव्हा शेवट कुठे आहे हे सर्वांना उमगले असणार.

जानेवारी १९७७ मध्ये विमाने जमिनीवर बसली. २२ जानेवारीला केनिया एअरवेजची नोंदणी झाली आणि ४ फेब्रुवारीला भाड्याने घेतलेल्या दोन बोइंग ७०७ विमानांनिशी तिची सेवा सुरूही झाली. इतक्या थोड्या दिवसांत विमानकंपनी उभी राहते तेव्हा तयारी आधीपासून असते, असा टांझानियाचा संशय. त्यांनी ४ फेब्रुवारीलाच केनियाची सरहद्द बंद केली. पलीकडे अडकलेल्या केनियाच्या पर्यटन गाड्याही अडकून पडल्या. पुढच्या मार्चात एअर टांझानिया निघाली. ती सरहद्द पुन्हा उघडायला १९८३ चा नोव्हेंबर उजाडावा लागला. पूर्व आफ्रिकी समुदाय तर १९७७ च्या मध्यावरच संपला होता.

मग वाटणी. व्हिक्टर उंब्रिश्ट नावाच्या स्विस मुत्सद्द्याला मध्यस्थ नेमले. विमाने, इंजिने, आगगाड्या, धक्के, इमारती, कर्जे, सगळ्यांची मोजदाद करायची आणि तिघांना पटेल असा हिशेब मांडायचा. आपल्याकडच्या वाटणीच्या दाव्यांत वकिलांच्या पिढ्या जातात, त्या मानाने हे काम लवकरच उरकले म्हणायचे. १४ मे १९८४ रोजी करारावर सह्या झाल्या. केनियाला ४२ टक्के, टांझानियाला ३२ टक्के, युगांडाला २६ टक्के.

यात मोठी व्हीसी-१० विमाने नव्हती. त्यांचे पैसे फिटलेले नसल्याने उरलेली चारही १९७७ मध्येच बनवणाऱ्यांनी ब्रिटनला परत नेली. पुढे ती ब्रिटिश हवाईदलाने घेतली आणि आकाशात दुसऱ्या विमानांना तेल पुरवणारी टाकीविमाने म्हणून त्यांना कामाला लावले. तेल पिण्याबद्दल बदनाम झालेल्या विमानांच्या नशिबी शेवटी तेल पाजण्याचे काम आले. ती चांगली छत्तीस वर्षे टिकली, म्हणजे त्यांची मूळ कंपनी जगली त्याहून अधिक. २५ सप्टेंबर २०१३ रोजी जगातले शेवटचे व्हीसी-१० उड्डाण झाले ते एकेकाळच्या ५एच-एमएमटीचे, आणि त्याच्या आदल्या दिवशी ५एच-एमओजी सरे परगण्यातल्या डन्सफोल्डच्या धावपट्टीवर कायमचे उतरले. दोन्ही टांझानियाच्या खुणेची.

माणसांची वाटणी इतकी सोपी नव्हती. समुदायाच्या सर्व मंडळांत मिळून हजारो नोकर होते. एका देशाचा नागरिक, दुसऱ्या देशात नेमणूक, तिसऱ्या देशातल्या कचेरीत पेन्शनचा कागद. ज्या संस्थेकडे अर्ज करायचा तीच राहिली नाही. दार-ए-सलाममध्ये या माजी नोकरांचे मोर्चे आणि कोर्टकज्जे नव्या शतकातही चालू होते. तोवर त्यांच्यातले कित्येक वारले होते आणि दावे वारसांच्या नावावर चढले होते.

पूर्व आफ्रिकी समुदाय १९९९ च्या नव्या कराराने २००० मध्ये पुन्हा उभा राहिला; कचेरी पुन्हा आरुशाला. विमानकंपन्या मात्र वेगळ्याच राहिल्या. केनिया एअरवेज १९९६ मध्ये खाजगी झाली आणि तिच्यात डच के.एल.एम.ने २६ टक्के वाटा घेतला. युगांडा एअरलाइन्स २००१ मध्ये बंद पडली आणि २०१९ मध्ये नव्याने निघाली. एअर टांझानिया मरणपंथाला लागून २०१६ पासून नवी विमाने घेऊन सावरू लागली. दार-ए-सलामहून नैरोबीचे तिकीट काढणाऱ्याला आता कोणत्या देशाच्या विमानात बसायचे ते निवडता येते.